वळसा आणि शेपूट: खेळाडूंच्या न वाचता येणाऱ्या सह्यांचं काय करायचं?

न्यू जर्सीतल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. बारा वर्षांच्या मुलाने वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेल्या, जमवायच्या कार्डांचा खोका घेतला. त्यात एका तरुण खेळाडूच्या सहीचं कार्ड निघालं. सही कसली, एक वळसा आणि त्याला लांब शेपूट! पोरगं हिरमुसलं. ‘हे तर मीसुद्धा काढेन’ म्हणालं. वडील विचारतात की खेळाडू अशी सही का करतात, तिला काही किंमत असते का, आणि ती खरी हे कशावरून मानायचं?

पोराचा शेरा हसण्यावारी नेऊ नका. या छंदात मुरलेली माणसं जे आडवळणाने बोलतात ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं. मुंबईत होतो तोवर मी क्रिकेटपटूंच्या सह्या गोळा करायचो, इकडे अमेरिकेत आल्यावर बेसबॉलच्या नादी लागलो. आता कार्ड-शोमध्ये आपली मंडळी माझ्या टेबलाशी येऊन ‘काका, जरा बघता का?’ म्हणत पिशवीतून वस्तू काढतात. त्या टेबलावर बसून एक गोष्ट पक्की कळली. सही वाचता येणं, सही खरी असणं आणि सहीला पैसे मिळणं ही तीन निरनिराळी प्रकरणं आहेत. बहुतेक वादावादी या तिघांची गल्लत झाल्यामुळे होते.

आधी ‘का’ ते बघू. कार्ड दिव्याखाली तिरकं धरा, सहीला बोट मात्र लावू नका. सहीभोवती पारदर्शक पट्टीची कड चमकली तर ते स्टिकर आहे, म्हणजे तुमच्या मुलाचं कार्ड त्या खेळाडूने कधी हातातही धरलेलं नाही. कंपनी त्याला स्टिकरांचे तावच्या ताव पाठवते. तो हॉटेलच्या खोलीत, विमानात, टीव्ही बघता बघता सह्या उरकतो. ताव परत जातात आणि पुढे कधीतरी एकेक स्टिकर एकेका कार्डावर चिकटतं. कड दिसली नाही आणि शाई थेट कार्डाच्या कागदावर उतरलेली असली, तर त्याला इथे ‘ऑन-कार्ड’ म्हणतात. संग्राहक त्याला जास्त मान देतात. निदान ते कार्ड खेळाडूच्या हाताखालून गेलेलं असतं.

आता हिशेब मांडा. करारात सह्यांचा आकडा असतो. समजा दोन हजार. पूर्ण नाव नीट लिहायला दहा सेकंद धरले तर वीस हजार सेकंद झाले, म्हणजे साडेपाच तास, तेही मान वर न करता. वळसा आणि शेपूट तीन सेकंदांत होतं. गडी पावणेदोन तासांच्या आत मोकळा. बावीस वर्षांचा मुलगा, उद्या सामना, मनगट हेच पोटापाण्याचं साधन. तो काय करेल ते सांगायला ज्योतिषी नको. एकाच खेळाडूच्या पहिल्या हंगामातल्या आणि काही वर्षांनंतरच्या सह्या शेजारी ठेवून पाहा, अक्षरं कशी गळत जातात ते दिसतं. आधी नावाच्या मधली अक्षरं जातात, मग आडनावाचा शेवट सपाट होतो, मग नाव आणि आडनावातली फट बुजते आणि शेवटी दोन आद्याक्षरं आणि एक रेघ उरते. सुरुवातीची सही त्याच्या आईने कौतुकाने ठेवलेली असते, नंतरची आपल्या वाट्याला येते.

कार्डांच्या पाकिटात सही घालून विकण्याची पद्धत तशी अलीकडची. १९९० साली अपर डेक या कार्ड कंपनीने बेसबॉलपटू रेजी जॅक्सनने सही केलेली २,५०० क्रमांकित कार्डं पाकिटांमध्ये सोडली आणि तिथून ही कल्पना रुजली. त्याआधी सही हवी तर माणूस गाठावा लागे. मैदानाच्या दाराशी ताटकळायचं, हॉटेलच्या लॉबीत दबा धरायचा, नाहीतर पत्र धाडायचं. सही ही भेटीची खूण होती. आता खोक्यावरच छापलेलं असतं की आत एक सही नक्की. ती मालाचा भाग झाली, आणि माल म्हटला की वेळेत पुरवणं आलं. त्यात २०१० पासून बहुतेक राज्यांनी जे कॉमन कोअर नावाचे शालेय निकष स्वीकारले, त्यांत कर्सिव्ह लिखाण नव्हतंच. आजच्या कित्येक खेळाडूंनी शाळेत जोडून लिहायचा सराव फारसा केलेला नाही. पण मी हे कारण फार ताणणार नाही. मनात असेल तर सुटी अक्षरंही नीट काढता येतात.

ते मनात कसं असावं हे हार्मन किलब्रूकडून शिकावं. मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल संघाचा हा धिप्पाड फलंदाज, नावावर ५७३ होमरन, १९८४ पासून हॉल ऑफ फेममध्ये. त्याच्या सहीतलं अक्षर न् अक्षर मोजून दाखवता येतं. निवृत्तीनंतर ट्विन्सच्या शिबिरात तो नव्या पोरांमध्ये वावरायचा. टोरी हंटर, मायकल कडायर यांच्यासारख्या खेळाडूंना त्याने गिचमिड सहीवरून चांगलंच फैलावर घेतलं होतं, आणि ते त्यांनीच पुढे जगाला सांगितलं. त्याचं म्हणणं साधं होतं. ज्याला सही देतोस त्याला ती वाचता आली पाहिजे. किलब्रू २०११ मध्ये गेला, पण हंटरची सही आजही कोणालाही वाचता येते. गोल्फमध्ये अरनॉल्ड पामरही असाच काटेकोर. गर्दी कितीही असो, सही पूर्ण.

मला किलब्रूचं पटतं, पण अर्धंच. मैदानाच्या कठड्याशी पन्नास हात पुढे आलेले असतात, प्रशिक्षक हाका मारत असतो, आणि खेळाडू चालता चालता चेंडूवर फराटा ओढून पुढे जातो. त्या फराट्याबद्दल माझी तक्रार नाही. तो वेळ त्याच्या मालकीचा नव्हता, तरी त्याने त्यातला तुकडा दिला. लोक नेमके त्याच सहीवर चिडतात. मला खटकते ती दुसरी, पैसे मोजून घेऊन, घरी बसून, चहाचा कप शेजारी ठेवून केलेली. तिथे घाई कसली?

आता किमतीकडे. वाचता न येणारी सही स्वस्त असते, हा समज सोडून द्या. बाजार आधी खेळाडू बघतो, मग अशी सही किती मिळते ते बघतो, अक्षराचा क्रमांक त्यानंतर. सह्या तपासणाऱ्या पीएसएसारख्या संस्था सहीला एक ते दहा गुण देतात तेव्हाही मुख्यतः शाई ठळक आहे का, रेघ मध्येच तुटली का, कुठे पुसली गेली का, हे पाहतात. खेळाडू सगळीकडे वळसा-शेपूटच करत असेल, तर त्या वळसा-शेपटालाही दहापैकी दहा मिळू शकतात. फरक पडतो तो एकाच खेळाडूच्या दोन्ही तऱ्हा बाजारात असल्या की. मग पूर्ण नावाला जास्त भाव येतो, आखूड सहीला कमी.

या सगळ्याला टोकाचं उदाहरण म्हणजे ‘शूलेस’ जो जॅक्सन. दक्षिण कॅरोलायनातल्या कापड गिरणीत लहानपणापासून काम केलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला, आणि तरी बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या फलंदाजांपैकी एक. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे अंतिम मालिकेतल्या लाचप्रकरणात त्याचं नाव आलं, १९२१ मध्ये आजन्म बंदी बसली, १९५१ मध्ये तो वारला, आणि त्याचं नाव बंदीच्या यादीतून निघालं ते थेट २०२५ च्या मे महिन्यात, पैजांपायी बंदी बसलेल्या पीट रोझ या खेळाडूच्या बरोबर. त्याला लिहिता येत नव्हतं. पत्रं, कागदपत्रं, चाहत्यांसाठीच्या सह्या, बहुतेक सगळं त्याची बायको केटी करायची. स्वतःचं नाव तो क्वचित, अक्षरांचे आकार आठवून आठवून काढायचा. त्याने १९११ साली सही केलेला एक फोटो २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात १४ लाख ७० हजार डॉलरला गेला. ती सही पाहिलीत तर पहिलीतल्या मुलाची वाटेल. अक्षरं उंचसखल, मधल्या जागा कमी-जास्त, प्रत्येक अक्षर वेगळं बेतून मग उतरवलेलं. केटीने केलेली ‘जो जॅक्सन’ सही सुबक आहे, झरझर वाचता येते, आणि बाजारात ती नवऱ्याच्या वेड्यावाकड्या सहीच्या पासंगालाही पुरत नाही.

म्हणून तुमच्या मुलाला सांगा की वाईट अक्षर आणि टाकलेलं अक्षर यांत फरक असतो. जॅक्सनचं अक्षर वाईट होतं, पण त्यातल्या प्रत्येक रेघेला त्याचा हात अडखळला होता. संग्राहक पैसे मोजतो ते त्या हाताचे. अमुक माणूस, अमुक घडी, या कागदासमोर बसला होता, एवढीच त्या सहीची साक्ष. वळसा-शेपटाचं दुखणं कुरूपतेचं नाही. त्याची साक्षच फार त्रोटक असते.

उलट टोकाला सर डॉन ब्रॅडमन. ॲडलेडच्या घरी चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देण्यात ते रोज कित्येक तास घालवत, आणि २००१ मध्ये जाईपर्यंत त्यांनी इतक्या सह्या केल्या, त्याही स्वच्छ आणि एकसारख्या, की क्रिकेटमधलं सर्वांत मोठं नाव असूनही त्यांची साधी सही मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात राहिली. हे त्यांचं दुर्दैव म्हणायचं की थोरवी, ते ज्याचं त्याने ठरवावं. पीट रोझने तर सहीचा धंदाच केला. सह्या आणि स्मरणवस्तूंच्या विक्रीतलं उत्पन्न करखात्यापासून लपवल्याबद्दल १९९० मध्ये तो तुरुंगात गेला, आणि नंतर ‘बेसबॉलवर पैज लावली, माफ करा’ अशा अर्थाचं वाक्य चेंडूंवर लिहून तेही विकलं. ते चेंडू वाचायला उत्तम आहेत, अक्षर स्वच्छ. मी एकही घेतला नाही.

तिसरा प्रश्न, खरं-खोटं. तुमच्या बाबतीत तो सोपा आहे. कार्ड सीलबंद खोक्यातून निघालं असेल आणि मागच्या बाजूला ‘सही खरी असल्याची हमी’ अशा अर्थाचा कंपनीचा मजकूर छापलेला असेल, तर चिंता नको. अपवाद इथेही आहेत. २०१७ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या डॅक प्रेस्कॉटच्या नावाची काही कार्डं तपासणीला गेली, तेव्हा त्या सह्या यंत्राने केल्यासारख्या दिसतात म्हणून बेकेट या तपासणी संस्थेने प्रमाणित करायला नकार दिला. यंत्राची सही ओळखायची कशी? दोन सह्या एकावर एक ठेवल्या आणि तंतोतंत जुळल्या तर संशय घ्यायचा. माणसाचा हात स्वतःची नक्कल कधी हुबेहूब करत नाही.

खोक्याबाहेरच्या वस्तूंची गोष्ट मात्र वेगळी. १९९० च्या दशकात सॅन डिएगोच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम चालवून बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली. त्या मालात बेब रूथ, मिकी मँटल हे बेसबॉलचे जुने दिग्गज तर होतेच, पण बेसबॉलवर मदर तेरेसांची सहीसुद्धा होती. मदर तेरेसा बेसबॉलवर सही कशाला करतील, हा प्रश्न विकत घेणाऱ्यांच्या मनात आला नाही! या प्रकारांनंतर मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, २००१ मध्ये स्वतःची प्रमाणन व्यवस्था उभी केली. पोलिसखात्याची पार्श्वभूमी असलेली माणसं मैदानावर हजर राहतात, सही किंवा वस्तू डोळ्यांदेखत घडली तरच तिच्यावर क्रमांकाचा होलोग्राम लावतात. कोणी ‘प्रमाणपत्र आहे’ म्हणाला की मी प्रमाणपत्र बाजूला ठेवून आधी होलोग्रामचा क्रमांक लीगच्या नोंदीत तपासतो. कागदी प्रमाणपत्र सहीपेक्षा सोपं छापता येतं.

आणि इथे गिचमिड सहीचा खरा तोटा आहे. सही तपासताना मी दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन आधी रेघेची दोन टोकं बघतो. ज्याची सही आहे त्याचं पेन कागदाला टेकण्याआधीच हवेत चालू झालेलं असतं. त्यामुळे रेघ बारीक सुरू होते, मध्ये भरते, शेवटी पुन्हा बारीक होत उडून जाते. नकल्या पेन आधी टेकवतो, मग निघतो. त्याच्या सुरुवातीला शाईचा बारीक ठिपका साचतो, रेघ सगळीकडे एकाच जाडीची राहते आणि वळणावर किंचित थरथरते. त्यानंतर बघायची अक्षरांची घडण. कोणतं अक्षर खालून सुरू होतं, पेन कुठे उचललं जातं, आडवी रेघ आधी की नंतर. पूर्ण नावात अशा डझनभर जागा सापडतात. वळसा-शेपटात दोन. म्हणजे खेळाडू आळसापोटी स्वतःच्या सहीतले पुरावेच पुसून टाकतो आणि नकल्याचं काम सोपं करून ठेवतो. तुमचा मुलगा ‘मीसुद्धा काढेन’ म्हणाला, ते नेमकं हेच.

क्रिकेटच्या बॅटींवर हा घोळ आणखी वाढतो. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सचिन आणि शेन वॉर्न यांनी न्यू यॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजलिसच्या बेसबॉल मैदानांवर क्रिकेट ऑल-स्टार्सचे सामने भरवले. त्यानंतर इकडच्या मराठी घरांतून सह्यांच्या बॅटी माझ्या टेबलावर यायला लागल्या. काही अस्सल, काही दुकानातल्या छापील. छापील बॅट भिंगाखाली लगेच उघडी पडते. शाई लाकडाच्या रेषांत मुरलेली नसते आणि जिथे दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे रंग गडद होत नाही. सचिनची म्हणून आणलेली सही असेल तर आणखी एक गोष्ट बघतो. तो खेळतो उजव्या हाताने, लिहितो डाव्या हाताने. डावखुरी माणसं आडवी रेघ पुष्कळदा उजवीकडून डावीकडे ओढतात. एवढ्यावर निकाल देता येत नाही, पण दिशा उलटी दिसली की मी भिंग जरा जास्त वेळ धरतो. संपूर्ण संघाच्या सह्या असलेल्या बॅटी-चेंडूंवर तर सावधच राहायचं. ड्रेसिंग रूममध्ये टेबलावर थप्पी लागलेली असते, आणि कंटाळलेल्या मोठ्या खेळाडूची सही खोलीतल्या दुसऱ्याच कोणी उरकून टाकल्याचे किस्से बेसबॉलमध्येही जुने आहेत.

संघाच्या चेंडूवरून आणखी एक. १९५० च्या दशकातला चेंडू हातात घेतला तर त्यावरची बहुतेक नावं आजही वाचता येतात, अगदी दोन सामने खेळून गायब झालेल्या माणसाचंही. आजचा चेंडू घेतला तर त्या वर्षीची खेळाडूंची यादी समोर ठेवून एकेक फराटा जुळवत बसावं लागतं. सहीशेजारी जर्सीचा क्रमांक लिहायची अनेकांना सवय आहे, म्हणून निभावतं. जे मोठे झाले त्यांच्या सह्या आपण ओळखू. जो तीन आठवडे मेजर लीगमध्ये होता आणि घरी परतला, त्याचा त्या चेंडूवरचा एकमेव ठसा कायमचा निनावी होतो. याचं मला सर्वांत वाईट वाटतं.

मुंबईतल्या माझ्या वहीत म्हणूनच प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने नाव, तारीख आणि सामना लिहिलेला आहे. ही सवय मुलाला आजच लावा, फक्त कार्डावर काही लिहू नका. कार्ड आधी मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग कडक कव्हरमध्ये घालायचं, आणि मागे चिठ्ठी लावायची: कोण, कोणत्या वर्षीचं, खोका कोणी आणि कधी फोडला. खिडकीत ठेवू नका, उन्हाने शाई उडते. विकायचा विचार आत्ता नको. तरुण खेळाडूंपैकी थोडेच टिकतात, पण टिकला तर हीच शेपटी मोलाची ठरेल. नाही टिकला तर विकूनही पिझ्झ्यापुरतेच पैसे येतील.

पुढची सही मात्र मुलाने स्वतः मिळवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्लोरिडा आणि ॲरिझोनात संघांची सराव शिबिरं असतात. तिथे खेळाडू निवांत असतात आणि सह्याही लांब होतात. चेंडूवर सही घ्यायची तर निळं बॉलपेन न्या. शार्पी मार्करची शाई चामड्यात काही वर्षांनी पसरते आणि सहीला दाढी फुटते. जागा दाखवायची ती दोन शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात तिथली, तिला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. गुळगुळीत कार्डावर शाई टिकत नाही, म्हणून आधी बेबी पावडरचं बोट हलकं फिरवून पुसून घ्या. आणि मुलाला सहीबरोबर त्याचं स्वतःचं नाव लिहून मागायला सांगा. व्यापाऱ्यांना नाव घातलेली सही नको असते, भाव पडतो. पण तेवढ्यासाठीच खेळाडू असं नाव आनंदाने लिहितात, आणि एकदा थांबून पोराचं नाव लिहिलं की स्वतःचं नावही जरा सावकाश लिहितात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की याला युक्ती म्हणायला हरकत नाही.

तेही जमलं नाही तर टपाल आहेच. निवृत्त खेळाडू पत्रांना बरी उत्तरं देतात, आणि त्या पिढीचं अक्षरही वाचता येतं. पत्र मुलाने स्वतःच्या हाताने लिहावं, टाइप केलेलं नको. एका पानात बसेल एवढं, आणि त्या खेळाडूच्या खेळाबद्दल एक तरी खरी ओळ हवी. सोबत एक कार्ड, फार तर दोन. पाच घातलीत तर तुम्ही व्यापारी ठरता. कार्ड हरवलं तरी जीव जाणार नाही असंच निवडा. उत्तर कधी तीन आठवड्यांत येतं, कधी वर्षाने, कधी येतच नाही. आणि आत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घालायला विसरू नका.